बारा बोर दोन नळी: वावराच्या राखणीला कितपत कामाची?

कपाशीला बोंडं धरली, तुरी फुलावर आल्या की यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडच्या गावांत बंदुकीच्या परवान्याचा विषय निघतोच. रानडुकरांचा कळप एका रात्रीत हरभऱ्याचं वावर उकरून टाकतो, रोही (नीलगायी) तुरीचे शेंडे खुडतात, आणि जागलीला गेलेला माणूस हातात टॉर्च आणि डबा घेऊन बसलेला असतो. अशा वेळी एक जण म्हणतो, मागेल त्याला परवाना द्या. दुसरा म्हणतो, शेतकऱ्याच्या हाती बंदूक नकोच. या दोघांच्या बोलण्यात त्या वस्तूबद्दल मात्र फारच थोडं असतं. ती किती लांब मारते, कुठे चुकते, घरात कशी ठेवायची, जुनी घेताना काय पाहायचं, हे कळल्याशिवाय त्या वादाला अर्थ नाही. म्हणून हे परीक्षण त्या बंदुकीचंच: शेजारी-शेजारी दोन नळ्यांची, मधून मोडणारी बारा बोर. खेड्यातल्या पीक संरक्षणाच्या परवान्यावर आणि वारसाने आलेल्या जुन्या शस्त्रांत हाच प्रकार जास्त दिसतो.

बारा बोर म्हणजे नळीचा आतला व्यास साधारण १८.५ मिलिमीटर. आत रायफलसारखे आटे नसतात, नळी गुळगुळीत असते. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी मुळात ठासणीच्या बंदुकीचाच उल्लेख आहे. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. ठासणीची, म्हणजे गडचिरोलीकडे जिला भरमार म्हणतात ती, आजच्या वावरात मला पटत नाही. पावसाळी हवेत दारू सर्दावते, बार फुसका जातो, आणि गडबडीत एकावर एक दोनदा दारू ठासली गेली तर नळी फाटते. शिवाय ती भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

दोन नळीचा सगळ्यात मोठा गुण नेमका इथेच आहे. खटका बाजूला सारला की ती मधून मोडते आणि काडतुसाची दोन्ही घरं उघडी पडतात. दहा पावलांवरच्या माणसालाही ती रिकामी असल्याचं दिसतं. पंप ॲक्शनमध्ये, म्हणजे पुढचं लाकूड मागे-पुढे ओढून भरायच्या बंदुकीत, एखादं काडतूस आतल्या नळकांड्यात राहून जाऊ शकतं. इथे तसं लपायला जागाच नाही. बार दोनच, ही काहींना उणीव वाटते. राखणीसाठी मला ती चांगलीच गोष्ट वाटते. दोन बारांत काम झालं नाही तर तिसरा अंदाजाने, धावत्या कळपावर, अंधारात जातो, आणि अपघात तिसऱ्या बारातच होतात.

आता काडतूस. परवान्याच्या गप्पांत याच्याकडे कुणी लक्ष देत नाही, पण खरा निकाल इथेच लागतो. आपल्याकडे छर्ऱ्यांची मापं जुन्या ब्रिटिश पद्धतीची चालतात, मोठ्याकडून बारीककडे: एलजी, एसजी, बीबी, मग ४ नंबर, ६ नंबर. एसजीचे छर्रे एका औंसात आठ बसतात, एलजीचे सहा. सव्वा औंसाच्या थोडं आतल्या, म्हणजे ३२ ग्रॅमच्या भरात एसजीचे नऊच छर्रे होतात. एका बारात नऊ छर्रे, हा आकडा डोक्यात पक्का ठेवा. तीस मीटरवर हे नऊ छर्रे पाऊण ते एक मीटरच्या घेरात पसरतात, आणि डुकराचा मर्मभाग असतो वीतभर. म्हणजे तीस मीटरवर मर्मी लागला तर एखाददुसरा, बाकीचे पोटात, पायात किंवा मातीत. जखमी डूकर पऱ्हाटीत घुसतं, आणि सकाळी कापूस वेचायला आलेल्या बाईवर उलटतं. वीस मीटरच्या आत, आडवं उभं असलेलं जनावर, हीच या बंदुकीची खरी हद्द. दुकानात पन्नास मीटरच्या गोष्टी ऐकवल्या जातात, त्या कानावर घेऊ नका. ४ आणि ६ नंबर रोह्यावर मारणं म्हणजे निव्वळ क्रूरता; दोनशे किलोच्या वर जाणाऱ्या नराच्या कातड्यात ते बारीक छर्रे अडकतात, जखम चिघळते आणि जनावर आठवडाभर तडफडत फिरतं.

दुसरी बाजू याहून गंभीर आहे. मारायला वीस मीटरच उपयोगी असलेला एसजीचा छर्रा हवेत उंच गेला तर साडेसहाशे मीटरपर्यंत जाऊ शकतो, एलजीचा सातशेच्या पुढे, अगदी ६ नंबरचासुद्धा दोनशे मीटर. विदर्भात दोन एकर, पाच एकरांचे तुकडे, धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लागून. तुमच्या वावरात डूकर आलं असतं त्याच रात्री शेजारच्या चार वावरांत चार जण जागलीला असतात. जमिनीवर उभं राहून आडवा बार मारला तर चुकलेले छर्रे त्यांच्याच दिशेने जातात. तुरीच्या ओळी सहा फूट उंच, पलीकडचा टॉर्च विझलेला, कुणाला काय दिसणार? दोन डोळे चमकले म्हणून चाप ओढणाऱ्याने ते डोळे गोऱ्ह्याचे, कुत्र्याचे की माणसाचे, हे पाहिलेलं नसतं.

मचाणावरून चित्र बदलतं. दहा-बारा फुटांवर बसलेला माणूस वीस मीटरवरच्या जनावरावर बार टाकतो तेव्हा नळी खाली झुकलेली असते आणि चुकलेला छर्रा जनावराच्या मागे काही पावलांतच मातीत शिरतो. काळ्या, ओलावा धरलेल्या मातीत तो रुतून बसतो. बरडावर, मुरमात, गोट्यांत मात्र उसळतो आणि कुठल्या कुठे जातो. म्हणून माझं सरळ मत आहे: मचाण नसेल, किंवा वावर बरडाचं असेल, तर राखणीसाठी ही बंदूक घेऊ नये. मचाणावर चढताना ती भरलेली नको, खांद्यालाही नको. आधी माणसाने चढायचं, मग मोडलेली, रिकामी बंदूक दोरीने वर घ्यायची, बसल्यावर काडतुसं घालायची. उतरताना उलट क्रम. धुऱ्यावरची तार किंवा नाला ओलांडतानाही बंदूक मोडून काडतुसं खिशात. आणि प्यायलेल्या माणसाने त्या रात्री बंदुकीला हातच लावायचा नाही.

परवाना मिळाला म्हणजे जनावर मारायची परवानगी मिळाली, हा गैरसमज इतका पसरलेला आहे की तो ठासून खोडायला हवा. हे दोन वेगळे कागद आहेत. बंदुकीचा परवाना जिल्हाधिकारी देतात, पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत आयुक्त. रोही आणि रानडुक्कर मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराला मारायची परवानगी कलम ११ प्रमाणे वेगळी घ्यावी लागते. महाराष्ट्रात २०१५ च्या शासन निर्णयानंतर त्यासाठी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. मेलेलं जनावर सरकारचं असतं. त्याचं मांस वाटून खाल्लं तर परवानगी असूनही गुन्हा होतो.

ताडोबा, टिपेश्वर, बोर, उमरेड-कऱ्हांडला, नवेगाव-नागझिरा यांच्या आसपासच्या गावांना आणखी एक अट लागते, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. त्याच कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला आपलं शस्त्र वन विभागाकडे नोंदवावं लागतं, आणि नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या आधीच्या संमतीशिवाय देता येत नाही. ज्या पट्ट्यात जनावरांचा त्रास सगळ्यात जास्त, तिथेच परवाना सगळ्यात अवघड. शेतकऱ्याला हे अन्यायाचं वाटतं, आणि त्याचा राग समजण्यासारखा आहे. पण त्याच पट्ट्यात अंधारात हललेलं झुडूप डूकर असेल किंवा वाघ असेल. नेम चुकला तर वाघ गेला, आणि जखमी वाघ मागे राहिला तर अख्ख्या गावाची झोप गेली. ही अट मला योग्य वाटते. फक्त तिच्यासोबत नुकसानभरपाई वेळेत मिळायला हवी, नाहीतर ती अट शेतकऱ्याच्या पोटावर पाय देते.

अर्जाची बाकी वाट सरधोपट आहे. अर्ज, सातबारा, आठ-अ, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, सुरक्षित ठेवण्याची हमी, मग ठाण्याची चौकशी. पीक नुकसानीचे जुने पंचनामे जोडले तर अर्जाला वजन येतं. वय किमान २१. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा असतो आणि एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. परवान्यावर राष्ट्रीय नोंदणीचा युनिक आयडी क्रमांक आहे ना, तेवढं पाहून घ्या.

जुनी बंदूक घेणार असाल तर दुकानातला अर्धा तास घाईत घालवू नका. आधी नळ्यांवरचा आणि चौकटीवरचा क्रमांक कागदाशी जुळवा. क्रमांक घासलेला दिसला तर तिथेच थांबा. शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे खूण खोडलेलं शस्त्र विकणं गुन्हा आहे, आणि ते ज्याच्याकडे सापडेल त्यानेच खूण खोडली असं धरलं जातं; तसं नाही हे त्याला सिद्ध करावं लागतं. मग पुढचं लाकूड काढून नळ्या वेगळ्या करा आणि उजेडाकडे धरून आतून पाहा. आतल्या भिंतीवर उजेडाची गोल कडी अखंड दिसायला हवी. कुठे काळी रिंग दिसली तर तिथे नळी फुगलेली आहे, कडी तुटलेली दिसली तर पोचा आहे. फुगलेली नळी फुकट मिळाली तरी घेऊ नका. नळ्या हुकाला टांगून लाकडाच्या तुकड्याने हलकेच वाजवा. घंटेसारखा नाद आला तर मधली पट्टी घट्ट आहे. भदभद आवाज आला तर नळ्या जोडणारी झाळ सुटली आहे आणि तिच्याखाली गंज धरलेला असणार. नळीवर वेलबुट्टीसारखी बारीक रेषांची नक्षी असेल तर ती दमास्कस नळी, जुन्या काळ्या दारूसाठी केलेली. आजच्या काडतुसाचा दाब तिला सोसत नाही. भिंतीवर शोभेल, पण बार काढायचा नाही.

नळ्या परत जोडा, पुढचं लाकूड न लावता दस्ता धरून हलवा. सांध्यात खडखड जाणवली, किंवा बंद नळ्यांच्या मागे उजेडाची फट दिसली, तर बंदूक ढिली झालेली आहे. मग सेफ्टी. रिकाम्या बंदुकीत नकली काडतुसं घालून सेफ्टी लावा, दोन्ही चाप जोराने ओढा, सोडा, मग सेफ्टी काढा. काढताना घोडा पडला तर ती सेफ्टी निकामी आहे. ती ठीक निघाली तरी बहुतेक दोन नळींत सेफ्टी फक्त चाप अडवते, घोडा नाही. बंदूक आपटली तर सेफ्टी लावलेली असूनही बार उडू शकतो. भिंतीला टेकवून ठेवलेली भरलेली बंदूक मांजराच्या धक्क्यानेही पडते, आणि पडली की तिची तोंडं कुणाकडे आहेत हे कुणी विचारत नाही. चापाचा ताण साध्या तोलकाट्याने मोजता येतो: पुढचा पावणेदोन किलोच्या आसपास, मागचा थोडा जास्त. एका किलोवर सुटणारा चाप कानशीने घासून हलका केलेला असतो, असा नको.

काडतुसाच्या घराची लांबीही विचारा. जुन्या बंदुकांत ती ६५ मिलिमीटर असते, आजची काडतुसं ७० ची. फसवणूक अशी की ७० चं काडतूस ६५ च्या घरात सहज बसतं, कारण तोंड दुमडलेलं असतं. बार उडाल्यावर दुमड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब भलताच वाढतो. तुमच्याकडे बारीक नळीची २० बोरचीही बंदूक असेल तर काडतुसं एका पेटीत कधीच ठेवू नका. २० बोरचं काडतूस बारा बोरमध्ये घसरत पुढे जाऊन अडकतं, घर रिकामं दिसतं, माणूस मागून बारा बोरचं घालतो, आणि नळी हाताजवळ फाटते. २० बोरचं काडतूस बहुतेक पिवळं असतं ते यासाठीच. काडतूस पेटलं नाही तर नळी मोकळ्या मातीकडे धरून पूर्ण एक मिनिट थांबा, मगच उघडा.

ठेवणीच्या बाबतीत ही बंदूक आपल्या घरांना परवडत नाही, असं म्हणावं लागतं. दोष बंदुकीचा नाही, कपाटांचा आहे. गोदरेज म्हणून सर्रास ओळखल्या जाणाऱ्या साध्या कपाटाचा पत्रा २०-२२ गेजचा, म्हणजे एक मिलिमीटरहूनही पातळ. पहार घातली की पाच मिनिटांत उघडतं. वेल्डिंगवाल्याकडून ३ मिलिमीटर पत्र्याची पेटी करून घ्या. दार आतल्या बाजूने बसणारं, बिजागरं बाहेर न दिसणारी, दोन कुलपं. मागच्या पत्र्याला चार भोकं आणि १२ मिलिमीटरचे बोल्ट. मातीच्या भिंतीत बोल्ट धरत नाहीत. पेटी काँक्रीटच्या जमिनीला बसवा. जुळवलेल्या बंदुकीला चार फुटांहून उंच पेटी लागते, पण नळ्या सुट्या केल्या की तीन फुटांची पुरते. सुट्याच ठेवा. नळ्या या पेटीत, काडतुसं दुसऱ्या कुलपात. आणि किल्ली? देवघरात, कोनाड्यात, उशीखाली, हे घरातल्या पोराला सगळ्यात आधी माहीत असतं. किल्ली परवानाधारकाच्या अंगावरच असावी.

एक गोष्ट अवघड वाटली तरी लिहायलाच हवी. कर्जाचा तगादा, नापिकी, घरात कुणाचं मन खचलेलं, कुणाला दारूचं व्यसन, असे दिवस असतील तर बंदूक घरात नको. परवानाधारक दुकानदाराकडे किंवा ठाण्यात ती काही काळ जमा करून पावती घेता येते. विदर्भातल्या कुठल्याही गावाला यामागचं कारण समजावून सांगावं लागत नाही.

साफसफाई सोपी आहे, पण आपल्या हवेत ती टाळून चालत नाही. बार काढला त्याच रात्री नळ्या सुट्या करा. काडतुसाच्या घराच्या बाजूने दांडी घाला, नळीच्या तोंडाकडून नाही. आधी सॉल्व्हेंटचा फडका, दहा मिनिटं मुरू द्यायचं, मग पितळी ब्रश आठ-दहा वेळा, मग कोरडे फडके पांढरे निघेपर्यंत, शेवटी तेलाचा अगदी पातळ हात. पुढच्या वापराआधी तेही पुसून काढा. कॅनव्हासच्या किंवा चामड्याच्या खोळीत पावसाळाभर बंदूक ठेवली तर आश्विनात उघडताना गंजाचे ठिपके दिसणारच, कारण खोळ ओल धरून ठेवते. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की टिनाच्या छपराखाली दस्त्याचं लाकूड तडकतं आणि काडतुसंही बिघडतात, म्हणून ती खालच्या, गार खोलीत हवीत. आणि दर वेळी भरण्याआधी नळीतून आरपार पाहा. कुंभारमाशी उघड्या नळीत दोन दिवसांत मातीचं घर करते, आणि तेवढा मातीचा गोळा नळी फाडायला पुरेसा असतो.

मग राखणीसाठी काय? बहुतेक शेतकऱ्यांनी पैसा आधी सौर झटका मशीनवर घालावा. ते क्षणभराचा धक्का देतं, मारत नाही; वन विभागाच्या जन-वन विकास योजनेतून त्याला अनुदानही मिळतं. तारेखालचं गवत कापलेलं आणि अर्थिंग ओलं ठेवलं नाही तर ते निकामी ठरतं, आणि तक्रारी येतात त्यातल्या कितीतरी याच कारणाच्या असतात. थ्री-फेजचा करंट तारेत सोडणं हा मात्र खून आहे. त्याने डुकरासोबत वाघ मरतो, सालदार मरतो, पहाटे पाणी द्यायला गेलेला घरचा पोरगाही मरतो. आवाजाने जनावरं पळवायची कार्बाइडच्या पाइपची बंदूकही खेळणं नाही. २०२५ च्या दिवाळीत भोपाळकडे तिने कित्येक मुलांचे डोळे अधू केले.

म्हणूनच 'बंदूक नकोच' म्हणणाऱ्यांचंही मला पटत नाही. कायद्याची वाट पूर्ण बंद केली की माणूस करंटकडे आणि गावठी कट्ट्याकडे वळतो, आणि त्याला ना क्रमांक असतो ना नोंद. मागेल त्याला परवाना दिला तर वर लिहिलेली साडेसहाशे मीटरची अडचण प्रत्येक धुऱ्यावर उभी राहते. दहा-पंधरा गावांमागे मोजके, प्रशिक्षण घेतलेले, मचाणावरून मारणारे परवानाधारक, वन विभागाच्या यादीवर असलेले आणि परवानगी निघाली की बोलावता येणारे, एवढंच या बंदुकीला शोभणारं काम आहे. तिला वरातीत नेणाऱ्याला तर परवानाच नको. हर्षाने हवेत काढलेल्या बाराने कुणाचा जीव धोक्यात आला तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि ते रास्त आहे.

आजोबांच्या नावाची बंदूक माळ्यावर पडून असेल तर तिच्याबद्दल इतकंच: परवानाधारक वारला की ती घरात ठेवणं बेकायदा ठरतं. ताबडतोब ठाण्यात किंवा दुकानदाराकडे जमा करा, पावतीवर क्रमांक लिहून घ्या, मग वारस म्हणून अर्ज करा. परवानाधारक हयात असेल आणि त्याने सत्तरी गाठली असेल, किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडे असेल, तरीही वारसाला अर्ज करता येतो. ठेवायचीच नसेल तर परवाना असलेल्या माणसाला विकता येते. विकायच्या ४५ दिवस आधी जिल्हादंडाधिकाऱ्याला किंवा ठाण्याला लेखी कळवायचं, आणि त्या पत्राची पोच जपून ठेवायची.